सोनेरी गिटारचा घाम

भुताच्या गोष्टीत माणसं घाबरतात. मला ओकारी आली.

तेवढा फरक सोडला, तर जसं घडलं तसंच सांगते आहे. एक शब्द वाढवलेला नाही. उलट काही गोष्टी गाळल्यात, कारण तुमच्यापैकी कुणी जेवता जेवता वाचत असेल.

ठिकाण सिंगापूर. पुंगोलमधला आमचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि रात्रीचं यात काही नाही. जे व्हायचं ते भर दुपारी, खाली खेळाच्या जागेत पोरं किंचाळत असताना व्हायचं. ज्यांना अमावस्या आणि रडणारी कुत्री हवी असतील त्यांनी दुसरी पोस्ट शोधावी.

एक विनंती. "ताई, गरोदरपणात असे भास होतात" ही कमेंट करू नका. ते मला नवऱ्यानं, सासूबाईंनी आणि डॉक्टरांनी सांगून झालंय.

माझं नाव उर्मिला. मूळची पुण्याची. इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते. नवरा उन्मेष मरीन इंजिनियर. आधी महिनोन् महिने जहाजावर असायचा, आता बंदरात लागलेल्या जहाजांची इंजिनं तपासतो. माणूस सरळ आहे. व्यसन एकच.

जुन्या गिटार.

नवी गिटार त्याला फुकट दिलीत तरी घेणार नाही. त्याला लागतात त्या साठ-पासष्ट सालातल्या, अमेरिकेत बनलेल्या, इलेक्ट्रिक. आणि त्यातही चमचमणाऱ्या. रंगात धातूची बारीक चमकी मिसळायचे म्हणे तेव्हा. स्टेजवर दिवा पडला की गिटार लखलखली पाहिजे म्हणून. आपण गणपतीच्या मखराला चमकी लावतो ना, तीच तऱ्हा.

आता या शौकीन मंडळींचा एक नियम ऐका. जुनी गिटार पुसायची नाही.

आधीच्या माणसाच्या बोटांचा मळ, पट्टीवर बसलेला काळा थर, घामानं हिरवे पडलेले स्क्रू, सगळं जसंच्या तसं ठेवायचं. पुसलं की तिची किंमत गेली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "म्हणजे तू परक्या माणसाचा मळ विकत घेतोस?"

"मळ नाही गं. हिस्टरी आहे ती."

हिस्टरी म्हणे! आमच्या माहेरी असली हिस्टरी काथ्यानं घासून काढतात.

मला चौथा महिना लागला होता तेव्हा ती सोनेरी गिटार घरात आली. बुकित पंजांगमधल्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलनं विकायला काढली होती. उन्मेष एकटाच जाऊन घेऊन आला. सोफ्यावर पेटी ठेवली, कड्या उघडल्या, झाकण वर केलं...

आणि मी नाकाला पदर नव्हता म्हणून टी-शर्टची कड लावली.

"कापूर आहे तो," उन्मेष हसून म्हणाला. "जुन्या प्लास्टिकमध्ये कापूर घालायचे. तुला माहीत पाहिजे, केमिस्ट्रीवाली तू."

माहीत होतं. कापराबद्दल माझी तक्रारच नव्हती. कापराच्या खाली दुसरा वास होता. काखेतल्या शिळ्या घामाचा. केसांना चोपडायच्या गोडसर क्रीमचा. बसच्या दांडीला लोंबकळून आल्यावर तळहाताला येतो तसा, ओल्या लोखंडाचा.

गिटार दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. अंगभर सोनेरी चमकी. कडांना मात्र ती हिरवट पडली होती. आणि वरच्या बाजूला, वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथे, तळहाताएवढा भाग मऊ झाला होता. वार्निश घामानं विरघळतं असं उन्मेष म्हणाला. मी वाकून पाहिलं.

त्या मऊ वार्निशमध्ये केस अडकले होते.

बारीक, काळे, आडवे. माणसाच्या हातावरचे.

मी बेसिनकडे पळाले. उन्मेष मागून म्हणत होता, "डोहाळे, डोहाळे!"

इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर असतं. जाड भिंतींची, बिनखिडकीची, लोखंडी दाराची चिमुकली खोली. युद्ध झालं तर लपायला. युद्ध होत नाही, म्हणून लोक तिथे सुटकेसेस आणि तांदूळ ठेवतात. उन्मेषनं तिथे गिटार ठेवल्या होत्या. इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून आत डिह्युमिडिफायर चालू असायचं. हवेतला ओलावा ओढून खालच्या टाकीत पाणी साठवणारं मशीन. आधीच्या दोन गिटार असताना ती टाकी आठवड्यातून एकदा भरायची.

सोनेरी गिटार आली आणि टाकी रोज भरायला लागली.

"पावसाळी हवा आहे," उन्मेष म्हणाला. त्या दिवसांत पाऊस नव्हता.

सहाव्या महिन्यात माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी घरी झोपून राहायला सांगितलं आणि उन्मेषनं आपल्या आईला बोलावून घेतलं.

माझ्या सासूबाई, आशालता, माणदेशातल्या. त्यांच्या गावात फेब्रुवारी संपला की टँकर. डोक्यावर हंडा घेऊन चालण्यात त्यांची अर्धी हयात गेली. त्यांच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला आणि अंघोळीचं पाणी झाडाला. पाणी सांडलं तर त्या पोराला मारायच्या, दूध सांडलं तर नाही, असं उन्मेष सांगतो. बाई जिवाला जीव देणारी. माझे पाय चेपायच्या, डिंकाचे लाडू करायच्या, मला तांब्या उचलू द्यायच्या नाहीत.

आल्या आल्या त्यांनी लिटिल इंडियातून एक छोटा माठ आणला. फ्रिजचं पाणी पोटुशीला बरं नाही म्हणून. तो माझ्या पलंगाशी ठेवला. पाण्याला जराशी वेगळी चव लागायची. नवा माठ आहे, मातीची असेल, म्हटलं मी.

टाकी रिकामी करायचं कामही त्यांनी आपणहून घेतलं. मला बरंच वाटलं. निदान माझा हात लागायला नको.

मग तो वास शेल्टरमधून बाहेर यायला लागला.

आधी माझ्या गाऊनला. इस्त्री केलेला स्वच्छ गाऊन डोक्यातून घातला की काखेतून कुणीतरी दुसराच माणूस घामेजल्यासारखा वास. मी तो काढून पुन्हा धुवायला टाकायचे. मग फरशीला. पुसलेली फरशी पायाला किंचित चिकटायची. मग बाल्कनीतल्या तुळशीला. पानं तेलकट झाली होती, आणि कुंडीतल्या मातीवर काहीतरी चमकत होतं...

सोनेरी चमकी. टाचणीच्या टोकाएवढी.

"आई, तुम्हाला वास येतो का हो?"

"येतो की. कापराचा. देवळात असल्यावानी वाटतंय. चांगला हाय."

"त्याच्या खाली?"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग गार दूध आणायला गेल्या.

उन्मेषला तर सर्दी नसतानाही काही कळायचं नाही. इंजिनरूममध्ये वीस वर्षं काढलेलं नाक ते. मी एकटीच नाक मुरडत घरभर फिरायचे आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. आपण खरं बोलत असताना घरच्यांनी लाडानं हसावं याच्याइतकं संतापजनक काही नाही.

मग आवाज सुरू झाला.

दुपारची वेळ. आई हॉलमध्ये पंख्याखाली लवंडल्या होत्या. उन्मेष कामावर. मी पलंगावर डाव्या कुशीवर पडले होते...

टुंग.

एक तार. बारीक, कोरडा आवाज. इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता छेडली की येतो तसा.

टुंग... टुंग...

आवाज जरा वर चढला. कुणीतरी खुंटी पिळत होतं. आणखी वर. आणखी. तार सुरात येणार, येणार, असं वाटतंय तोच...

थांबला.

मग कापडावर काहीतरी घासल्याचा आवाज. दोनदा.

वाजवणारा हाताचा घाम पँटला पुसतो ना? तसा.

पुन्हा पहिल्यापासून. टुंग.

हे रोज व्हायला लागलं. गाणं एकदाही वाजलं नाही. नुसतं सूर लावणं, हात पुसणं, सूर लावणं. मला भीती वाटायच्या आधी चीड आली. अरे, वाजव तरी एकदाचं!

एका दुपारी मी उठले. पोट सांभाळत शेल्टरपाशी गेले. आत टुंग टुंग चालू होतं. मी लोखंडी दाराची दांडी धरली. दांडी ओली होती. कोमट.

फिरवली. आवाज बंद झाला.

दार उघडलं आणि वासाचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. मी दिवा लावला.

सोनेरी गिटारची पेटी बंद होती. कड्या लावलेल्या.

मशीन बंद होतं. आई दुपारी लाइट वाचवायला बटण बंद करायच्या.

मशीन बंद... आणि टाकी काठोकाठ भरलेली.

भिंतींवरून पाणी ओघळत होतं. फरशीवर पातळ, तेलकट थर. सगळ्या फरशीवर. फक्त पेटीसमोर दोन जागा कोरड्या होत्या.

बुटांच्या आकाराच्या. निमुळत्या टोकांच्या, जुन्या फॅशनच्या बुटांच्या.

टोकं दाराकडे होती. माझ्याकडे.

मी बघत असताना डावी जागा हळूहळू ओली झाली. पाय उचलल्यावर होते तशी.

मी दार आपटलं आणि तिथेच हॉलमध्ये उलटी केली. आई दचकून उठल्या, मला धरलं, पाठीवरून हात फिरवला. मग फडकं घेऊन त्यांनी सगळं पुसलं, शेल्टरसुद्धा. संध्याकाळी उन्मेषला मी ओढत नेऊन दाखवायला गेले तर आत सगळं कोरडं ठणठणीत.

"अगं, दमट हवेत भिंतींना पाणी सुटतं," तो म्हणाला. पण या वेळी हसला नाही. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुला एवढा त्रास होतोय तर विकून टाकतो. थोडे दिवस दे."

थोडे दिवस! मला त्याच क्षणी ती खाली कचऱ्यात टाकायची होती. पण मी शास्त्र शिकलेली बाई. पुरावा दाखवला की तो निमूट ऐकेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेल्यावर मी टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं आणि तपासणीच्या निमित्तानं बाहेर पडून ते लॅबमध्ये हुई मिनला दिलं. ही माझी शेजारच्या टेबलवरची सहकारी. कशाचं आहे ते सांगितलं नाही.

साधी गोष्ट आहे. हवेतून गोळा झालेल्या पाण्यात मीठ नसतं. असूच शकत नाही.

दुपारी तिचा फोन आला.

"उर्मिला, धिस वन व्हॉट सॅम्पल आह? सॉल्ट, युरिया, लॅक्टिक ॲसिड. समबडीज स्वेट, लाह. हाउ यू कलेक्ट सो मच? व्हेरी डिस्गस्टिंग, यू नो."

कुणाचा तरी घाम. बाटलीभर. रोज एक टाकीभर.

मी स्वयंपाकघरात गेले. आई गॅसवर पातेलं उतरवत होत्या. मी विचारलं, "आई, त्या मशीनचं पाणी तुम्ही कुठे टाकता?"

"टाकते कुठं? टाकायचं कशापायी? चांगलं पाणी हाय." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "तुळशीला घालते. इस्तरीत घालते. फरशी पुसते. एक थेंब वाया जात न्हाई, बघ."

तर गाऊन, फरशी, तुळस. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मी वेडी नव्हते.

मग त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफ आली. कापराची, आणि त्याच्या खालची.

"हे काय आहे, आई?"

"तुझं प्यायचं पाणी. चांगलं उकळून घेते रोज. आमाला काय, नळाचं चालतंय. पर तू पोटुशी. देवळात एका बाईनं सांगितलं, इथं गटाराचं पाणी गाळून पुन्हा धरणात सोडत्यात. शी! माझ्या नातवंडाला मी गटाराचं पाजू? मशीनचं कसं, हवेतलं. पावसावानी शुद्ध. म्हणून तुझ्यापुरतं बाजूला काढते."

माझ्यापुरतं.

ज्या बाईनं आयुष्यभर घोटभर पाण्यासाठी मैल तुडवले, तिनं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी कुणासाठी ठेवावं? माझ्यासाठी. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला किंचाळताही आलं नाही.

मी खोलीत जाऊन माठ उचलला आणि मोरीत उपडा केला. तळाला गाळ होता. त्यात सोनेरी चमकी. आणि...

केस. बारीक, काळे.

मी घशात बोटं घातली. पाणी आलं, पित्त आलं, मग काहीच येईना. तरी मी बोटं काढली नाहीत. आई दारात उभ्या राहून रडत होत्या, "काय झालं गं पोरी, काय झालं?" मी काय सांगणार? आई आल्या त्या दिवसापासून मी ते पाणी पीत होते; घरभर तोच वास, म्हणून माठातला वेगळा कळलाच नव्हता. त्यावर औषधं घेतली होती. रात्री तहान लागली की गटागटा. आणि मी एकटी पीत नव्हते. माझ्या पोटात जे बाळ होतं, त्याचे हात-पाय, त्याचं रक्त, सगळं त्याच पाण्यावर वाढलं होतं.

मला स्वतःच्या पोटाची किळस आली. हे लिहायला मला फार वेळ लागला, पण तेच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष आणि मी गिटार घेऊन बुकित पंजांगला गेलो. हुई मिनचा निकाल ऐकल्यावर त्यानं स्वतःच टॅक्सी बोलावली होती. टॅक्सीत पेटी त्यानं मागे डिकीत ठेवली. तरी पूर्ण रस्ताभर मी खिडकीला नाक लावून बसले होते.

अंकलनं दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार मात्र बंदच ठेवलं. पेटी बघून त्यानं हात हलवला.

"सोल्ड ऑलरेडी. कॅनॉट रिटर्न."

"अंकल, पैसे नकोत," उन्मेष इंग्रजीत म्हणाला. "फक्त ही परत घ्या. आणि ही कुणाची होती ते सांगा."

म्हाताऱ्यानं जाळीला हात टेकला. मग तुटक इंग्रजीत सांगायला लागला. गिटार त्याच्या थोरल्या भावाची. साठ-सत्तर सालात हॉटेलातल्या डान्स बँडमध्ये वाजवायचा. सोनेरी कोट, सोनेरी गिटार. पण त्याला घाम फार यायचा. दिव्यांखाली नळासारखा. तारा निसटायच्या, सूर उतरायचा, लोक हसायचे. गाण्यापेक्षा त्याचा वेळ सूर लावण्यात आणि हात पुसण्यात जायचा. एकदा असाच सूर लावता लावता स्टेजवर कोसळला.

"ही डाय ऑलरेडी. वी वॉश हिम, वाइप हिम, पुट द सूट." अंकलनं स्वतःच्या छातीवरून हात फिरवला. "सूट वेट. वी चेंज. वेट अगेन. डेड मॅन, बट स्टिल स्वेट."

त्यानंतर इतकी वर्षं त्यानं गिटार असंच मशीन लावलेल्या कपाटात ठेवली होती. रोज त्यातलं पाणी ओतून द्यायचं. आता वय झालं, वाकवत नाही, म्हणून विकली.

मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पोटाकडे.

"यू पोअर अवे, राइट?" तो म्हणाला. "द वॉटर. यू पोअर अवे?"

उन्मेषनं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. "आय ड्रँक इट."

अंकलच्या मागे त्याची लहान नात येऊन उभी होती. जाळीतून माझ्याकडे बघून हसत होती. त्यानं तिला दंडाला धरलं आणि आतल्या खोलीत ढकललं. त्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग जाळीचं दार उघडून पेटी आत ओढली. आमच्याकडे न बघता.

आम्ही लिफ्टपाशी पोचेपर्यंत आतून पाण्याचा आवाज येत होता. तो हात धूत होता. लिफ्ट आली तरी धूतच होता.

गिटार गेली आणि घर खरंच कोरडं झालं. टाकीत बोटभर पाणी जमायचं, तेही बिनवासाचं. टुंग टुंग थांबलं. मी इस्त्री, माठ, तुळशीची कुंडी, सगळं फेकलं. आईंनी एका शब्दानं विरोध केला नाही. फक्त रात्री उन्मेषला विचारताना ऐकलं, "मी काय विख पाजलं का रे तिला?" तो म्हणाला, "नाही गं आई." मी आतून काही बोलले नाही. बोलायला हवं होतं कदाचित. पण जमलं नाही.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. तन्वी.

वजन उत्तम. रडणं उत्तम. सगळ्या तपासण्या केल्या, मी हट्टानं जास्तीच्याही करायला लावल्या. काही नाही. निरोगी, गोरीगोमटी पोर. नर्सनं पुसून, दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिली. मग दुपट्याला हात लावला आणि म्हणाली, "आय्या, वेट ऑलरेडी." दुसरं आणलं. थोड्या वेळानं तिसरं.

"लहान बाळांना येतो घाम," डॉक्टर म्हणाल्या.

असेल. येत असेल.

तन्वी आता दीड वर्षाची होईल. गोड आहे. सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर. उन्मेष कामावरून आला की आधी तिच्या टाळूवर नाक ठेवतो, डोळे मिटतो. आई दर सहा महिन्यांनी तिच्यासाठी येतात आणि दिवसभर तिला हुंगत बसतात.

"कसला वास येतो?" मी एकदा उन्मेषला विचारलं.

"बाळाचा. दुसरा कसला येणार?"

पण त्या दोघांना तेव्हाही काही आलं नव्हतं. ज्या घरात मी रोज ओकत होते, त्या घरात त्यांना फक्त कापराचा वास येत होता. खरं काय ते कळेल असं नाक या घरात एकच आहे.

आणि ते मी अजून माझ्या मुलीच्या जवळ नेलेलं नाही.

मी तिला भरवते, न्हाऊ घालते, मांडीवर घेते. तोंड वळवून. तोंडानं श्वास घेत. लोकांना वाटतं मला सर्दीचा त्रास आहे. एकदा ठरवलं होतं, आज बघायचंच. वाकलेही होते. तिची टाळू माझ्या ओठांपासून वीतभर अंतरावर होती, केस कपाळाला ओले चिकटले होते... आणि मी उठून बाल्कनीत निघून गेले. समजा, तोच वास आला, तर मी तिचं काय करू? ती माझी मुलगी आहे.

काल दुपारी ती माझ्या शेजारी झोपली होती. झोपेत तिनं कूस बदलली, माझ्या गळ्यात हात टाकला आणि तिचं डोकं माझ्या नाकाशी आणून ठेवलं. घामेजलेलं, गरम.

मी श्वास धरून पडून राहिले, जितका वेळ धरता येईल तितका वेळ.